इंजिनिअरिंगचं पाचवं वर्ष

(पुसद इथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेलं भाषण)



आयोजकांनी मला 'आयटीतली पहिली नोकरी' हा विषय दिला. फोनवर म्हणाले, मुलांना थोडं मोटिव्हेट करा. मी म्हटलं, मोटिव्हेशन पोरांकडे भरपूर असतं, मी हिशोब सांगते. पण मग पालकांनाही बोलवा. तुम्ही आलात, त्यातही अम्मी लोक जास्त आल्या, याचा मला आनंद आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी पुसदचीच. अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. घरात बोलायला उर्दू, शाळा मराठी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. इंजिनिअरिंग विदर्भातच केलं. २०१३ साली बी.ई. झाले, पहिली नोकरी लागली २०१४ साली. आता पुण्यात एका कंपनीत आहे, आणि गेली पाच-सहा वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायचं कामही माझ्याकडे आहे. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे.

आपल्या गावाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, असे दोन मुख्यमंत्री या तालुक्यानं महाराष्ट्राला दिले. १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी इथं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. तालुक्याच्या गावाला तेव्हा ही साधी गोष्ट नव्हती. ज्या घरांत कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्या घरांतली पोरं-पोरी घरचा डबा खाऊन इंजिनिअर झाली. पण आयटीची नोकरी काही इथं आली नाही. सध्या इथं रेल्वेही नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालूच आहे. त्यामुळे डिग्री झाली की रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे गाठायचं, नाहीतर एसटीनं नागपूर. आणि तिथं जाऊन पहिलं काम काय, तर थांबायचं.

माझा आजचा मुद्दा या थांबण्याबद्दल आहे. पालक चार वर्षांचा हिशोब करतात. फी किती, पुस्तकं किती, लॅपटॉप किती. काही जण त्यासाठी दागिना मोडतात, काही जण वावर गहाण ठेवतात. आठव्या सेमिस्टरचा निकाल लागला की हिशोब संपला असं सगळ्यांना वाटतं. पण निकाल आणि पहिला पगार यांच्यामध्ये सहा महिने, कधी पूर्ण वर्ष जातं. त्याला मी इंजिनिअरिंगचं पाचवं वर्ष म्हणते. त्याची फी नाही, वर्ग नाही, मार्कशीट नाही. खर्च मात्र आहे, आणि तो कुणीच धरलेला नसतो.

मला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी कोंढव्यात माझ्या खालाकडे राहिले. दोन खोल्यांचं घर, त्यात खालाची चार माणसं आणि पाचवी मी. सकाळी कोंढव्याहून दोन बस बदलून हिंजवडीला किंवा खराडीला वॉक-इनला जायचं, तीनशे पोरांच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी रेझ्युमे देऊन परत यायचं. माझ्या बॅचमध्ये माझ्याहून जास्त टक्के असलेल्या तिघी होत्या. त्यांना पुण्यात खाला नव्हती. एकीला घरच्यांनी दोन महिने दिले, दुसरीला एकही नाही. तिघींपैकी कुणीच आज या क्षेत्रात नाही. माझी पहिली नोकरी माझ्या टक्क्यांनी लागली असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती खालाच्या घरानं लागली.

म्हणून आधी पैशाचं बोलू. पुण्यात मुलींच्या पीजीत एक कॉट, मेस, बसचा पास, मोबाइल आणि परीक्षांच्या फिया धरल्या तर आज महिन्याला बारा ते पंधरा हजारांच्या खाली भागत नाही. सहा महिन्यांचे बहात्तर ते नव्वद हजार झाले. ही रक्कम पहिल्या वर्षापासून बाजूला काढता येते, शेवटच्या महिन्यात उभी करता येत नाही. मुलींच्या पालकांसाठी यात एक सोय झाली आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासकीय प्रवेश फेरीतून आलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. आपल्यातल्या बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन, कुरेशी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. ज्यांची फी वाचली आहे, त्यांनी ते पैसे लग्नाच्या खात्यात टाकायच्या आधी पाचव्या वर्षाच्या खात्यात टाकावेत. अम्मी लोक हसतायत, पण मी गमतीनं बोलत नाही.

पुणेच कशाला, असंही काही जण विचारतील. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची केंद्रं आहेत आणि नागपूर आपल्याला जवळ पडतं. मात्र फ्रेशर्सच्या जागा पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत जास्त निघतात. शक्यता सगळीकडे ठेवायची, मुक्काम एका जागी ठेवायचा.

या पाचव्या वर्षाला मुदत असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मोठ्या कंपन्या फ्रेशर घेताना बॅच बघतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं: अमुक साली पास झालेलेच अर्ज करू शकतात. वर्ष-दोन वर्षं गेली की तुम्ही फ्रेशर उरत नाही आणि अनुभवीही झालेले नसता. दोन्ही दारं बंद. त्यामुळे 'यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य बारावीला चालतं, इथं चालत नाही. त्यात पुन्हा दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे साठ टक्क्यांची अट अनेक ठिकाणी असते, बॅकलॉग चालत नाही. ज्यांची दहावी अठ्ठावन्न टक्क्यांवर अडली आहे त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या मागे वर्ष घालवू नये. वीस-पन्नास माणसांच्या कंपन्या दहावीचे मार्क विचारत नाहीत. माझी पहिली कंपनी तशीच होती.

परीक्षा सातव्या सेमिस्टरपासून सुरू होतात, निकालानंतर नाही. टीसीएसची एनक्यूटी ही परीक्षा २०१८ पासून आहे आणि तिला कुठल्याही गावातल्या कॉलेजचा विद्यार्थी बसू शकतो. कॅम्पसला कंपनी आली नाही म्हणून रडण्याची वेळ तेवढी तरी कमी झाली. आणि निवड झाली म्हणजे नोकरी लागली असंही समजू नका. २०२२ च्या बॅचमधल्या हजारो मुलांना ऑफर लेटर हातात असताना जॉइनिंगसाठी दीड-दोन वर्षं ताटकळावं लागलं. ऑफर लेटर आलं की पेढे वाटा, पण दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज भरा.

आता मुलाखतीकडे येते. मी मुलाखत घेते तेव्हा रेझ्युमेवर पहिल्यांदा प्रोजेक्ट बघते. दहातल्या सात रेझ्युमेंवर हजेरीची यंत्रणा नाहीतर वाचनालयाची यंत्रणा असते. नागपूर-अमरावतीत हे प्रोजेक्ट रिपोर्टसकट बांधून विकत मिळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. मी एकच प्रश्न विचारते: 'एकाच मुलाची एकाच दिवशी दोनदा हजेरी लागली तर तुमच्या टेबलात काय होईल?' ज्यानं स्वतः केलेलं असतं तो विचारात पडतो, मग म्हणतो, 'मॅडम, दोनदा लागेल, मी ते थांबवलेलं नाही.' मला हे उत्तर चालतं. तारीख आणि रोल नंबर मिळून एकच नोंद राहील अशी अट कशी घालायची, हे मी त्याला पाच मिनिटांत सांगू शकते. ज्यानं विकत आणलेलं असतं तो घडाघडा पाठ केलेलं सांगत राहतो: फ्रंट एंड अमुक, बॅक एंड तमुक.

प्रोजेक्टसाठी लांब जायची गरज नाही. तुमच्या मामूच्या किराणा दुकानात उधारीची वही आहे ना? ती कॉम्प्युटरवर आणा. गिऱ्हाईक अर्धे पैसे आज देतं, उरलेले कापूस विकल्यावर देतं. मध्येच दोनशेचं सामान आणखी नेतं. नवऱ्याच्या नावावर उधारी, पैसे देते बायको. एकाच नावाची तीन माणसं गावात. हे सगळं बरोबर बसवताना तुम्हाला डेटाबेस इतका कळेल की एसक्यूएलची पुस्तकं नंतर सोपी वाटतील. शिवाय मुलाखतीत बोलायला खरं काहीतरी असेल. तो कोड गिटहबवर टाका. मी उमेदवाराच्या गिटहबवर जाऊन बघते, माझ्यासारखे बरेच जण बघतात. एकाच दिवशी सगळा कोड टाकलेला असला की तो कुठून आला ते कळतं. तीन महिने थोडा थोडा टाकलेला असेल तर तेही कळतं.

शिकायला पैसे लागतात हा समज आता सोडा. आयआयटी आणि आयआयएस्सी यांचे एनपीटेलचे कोर्स फुकट आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच फी. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल मराठीतूनही ऐकता येतात. एक प्रोग्रॅमिंग भाषा नीट, एसक्यूएल नीट, लिनक्सच्या रोजच्या कमांड आणि गिट. एवढ्यावर पहिली नोकरी लागते. रेझ्युमेवर अकरा भाषा लिहिणाऱ्याला मी अकरावीतलाच प्रश्न विचारते.

आणि पहिली नोकरी म्हणजे काय असते, तेही सांगते, कारण घरी चित्र वेगळं असतं. माझं पहिलं काम होतं एका विमा यंत्रणेच्या सपोर्टचं. पगार महिना बारा हजार. रात्री यंत्रणेत काही अडलं की लॉग फाइल उघडायची, चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधायचं, दुरुस्त करता आलं तर करायचं, नाहीतर वरच्या माणसाला झोपेतून उठवायचं. दीड वर्ष मी दुसऱ्यांचा कोड वाचला, स्वतःचा फारसा लिहिला नाही. आज मला जे येतं त्यातलं निम्मं तिथं आलं. टेस्टिंग, सपोर्ट ही कामं कमी दर्जाची म्हणून नाकारणारे मला दर महिन्याला भेटतात. त्यांना बसायला घर असतं बहुधा. मोठ्या कंपन्यांतही फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास आहे, आणि मी पास झाले तेव्हाही तो जवळपास एवढाच होता. भाडी मात्र तेवढीच राहिली नाहीत. मुलगी आयटीत लागली म्हणजे लगेच घर बांधायला पैसे येतील, ही आशा पालकांनी पहिली दोन वर्षं बाजूला ठेवावी.

इंग्रजीबद्दल. आपण घरी एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी, परीक्षेत तिसरी. याला कमीपणा मानू नका, तीन भाषा येणारं पोर चौथी शिकतं. पण मुलाखत इंग्रजीत होते आणि तिथं पहिलं वाक्य अडलं की बाकीचं सगळं अडतं. मी खालाच्या गच्चीवर रोज एक तास मोठ्यानं बोलायचे, स्वतःचाच प्रोजेक्ट स्वतःलाच समजावून. शेजारच्यांना वाटायचं पोरगी फोनवर भांडते आहे. व्याकरण सुधारण्यापेक्षा आवाज निघणं आधी महत्त्वाचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः इथं आले ती. पाचव्या वर्षात पोरं थकलेली असतात, घरून रोज फोन येतो, 'झालं का काही?' नेमक्या त्या वेळी एक माणूस भेटतो. तो म्हणतो, पन्नास हजार भरा, नोकरी पक्की. कुणी याला ट्रेनिंग म्हणतं, कुणी डिपॉझिट, कुणी बॅकडोअर एंट्री. मलाही भेटला होता, चकचकीत ऑफिस होतं, पाण्याची बाटली दिली होती. माझ्याकडे पन्नास हजार नव्हते, विषय तिथंच संपला. माझ्याबरोबर बसलेल्या एका मुलानं भरले. दोन महिन्यांनी त्या ऑफिसच्या दाराला कुलूप होतं. पक्कं लक्षात ठेवा, नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशनचे पाचशेही नाही. ज्या ठिकाणी पैसे मागतात तिथून पाण्याची बाटली घ्या आणि निघा.

काही ठिकाणी पैसे मागत नाहीत, मूळ मार्कशीट मागतात. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत. दाखवायचे, पडताळू द्यायचे, परत घ्यायचे. बाँडचंही तसंच. 'बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो, बिनधास्त सही कर' असं सांगणारे सीनियर खूप असतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दलची दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, प्रत्येक बाँड त्यासारखाच टिकेल असं नाही, पण सही करण्याआधी किती वर्षं आणि किती रक्कम हे दोन आकडे घरी बसून वाचा.

सगळ्यात घातक आहे ते खोटं अनुभव प्रमाणपत्र. दोन वर्षांचा अनुभव विकत मिळतो, पगाराच्या स्लिपांसकट. घेणारा म्हणतो, सगळेच करतात. पीएफचा यूएएन नंबर आल्यापासून तुम्ही कुठं, कधीपासून कधीपर्यंत नोकरीत होता हे कंपनीला तपासता येतं, आणि ती तपासणी बऱ्याचदा तुम्ही रुजू झाल्यानंतर पूर्ण होते. चांगलं काम करणारा एक मुलगा आमच्याकडून आठव्या महिन्यात याच कारणानं गेला. त्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं. लोन काढून त्यानं बहिणीचं लग्न ठरवलेलं होतं.

हातात काहीच नसेल तर अप्रेंटिसशिप घ्या. केंद्र सरकारच्या 'नॅट्स' पोर्टलवर पदवीधरांसाठी वर्षभराच्या जागा असतात, स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं, आणि वर्षाच्या शेवटी मिळणारं प्रमाणपत्र खरं असतं.

एक प्रश्न इथं कुणी उघड विचारणार नाही, बाहेर चहाला मात्र विचारेल: नाव बघून आपल्याला टाळतात का? खरं आहे तेवढं सांगते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. दुसरा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा, दिल्ली परिसरातला, फक्त सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या जागांचा. ३७१ जागांसाठी ३१६० अर्ज पाठवले होते. त्यात मुस्लिम नावांबाबत भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. माझा अनुभव दुसऱ्या अभ्यासाच्या जवळचा आहे. कोडिंगची परीक्षा मशीन तपासतं, त्याला नाव कळत नाही. मला नावामुळे अडचण आली ती घरं भाड्यानं घेताना, आणि ती काही थोडी नव्हती. एका ठिकाणी टोकन दिलेलं परत आलं. भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही. पण या क्षेत्रात तो दारातच उभा आहे असं समजून अर्जच न भरणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांना नाकारायला कुणाला काही करावंच लागलं नाही.

शेवटी मुलींच्या अब्बांशी बोलते. तुम्ही मुलीला इंजिनिअर केलंत, त्यात तुम्ही कुठं कमी पडला नाहीत. आता तुम्हाला भीती आहे ती पुण्याची, रात्रीच्या शिफ्टची. भीती वाटणं बरोबर आहे, माझ्या अब्बांनाही होती. तर विचारायचे प्रश्न घेऊन जा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर सुरक्षा आणि दारापर्यंत सोडायची गाडी ही कंपनीची जबाबदारी आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मुलीच्या एचआरला फोन करून 'समितीत कोण आहे' असं विचारायला लाजू नका. माझ्या अब्बांनी विचारलं होतं, त्यांच्या मराठीत, आणि पलीकडच्या बाईनं नावं सांगितली होती.

राहायची सोय दोघी-तिघींनी मिळून करा. इथं आज एकाच वर्गातल्या चार मुली एका रांगेत बसल्या आहेत. चार घरांनी मिळून पुण्यात सहा महिन्यांसाठी एक खोली घेतली तर खर्च जवळपास निम्मा होतो, आणि प्रत्येक अम्मीच्या फोनला चार मुली असतात उत्तर द्यायला. त्या चौघींच्या अम्मी आज इथं आहेत का? हात वर करा. तीन दिसतायत. चौथीचा नंबर मला द्या, मी आज संध्याकाळी घरी येऊन बोलते.

माझी ट्रॅव्हल्स रात्री आठला आहे. ज्यांनी रेझ्युमे छापून आणलेत त्यांनी खालच्या टेबलाशी या, एकेक बघू. मोबाइलवर असेल तर तोही चालेल. फोटो, वडिलांचा व्यवसाय आणि 'छंद: क्रिकेट पाहणे' हे रांगेत उभं असतानाच काढून टाका, तेवढा वेळ वाचेल.